घोडीचा दोष

मागच्या महिन्यात धाकट्या भावाचा फोन आला. तो मिरजेत राहतो आणि लग्नाच्या वरातीसाठी घोड्या ठेवतो. वडिलांच्या टांग्याच्या धंद्याचं एवढंच काय ते आता उरलंय. म्हणाला, "भाई, पांढरीला दोन वेळा घोडा दाखवला, ठरली नाही. बांझ दिसते. सारंगखेड्याला जाणारा एक व्यापारी मागतोय, देऊन टाकू का?"

मी विचारलं, "घोडा तपासून घेतलास का?"

तो हसला. "घोड्याला काय झालंय? चांगला उंच, रुबाबदार आहे. पैसे पण आधीच मोजून घेतले त्याच्या मालकानं."

फोन ठेवल्यावर मला बराच वेळ झोप आली नाही. घोड्याचे पैसे आधी आणि दोष घोडीचा, हा हिशेब मी लहानपणी आमच्याच अंगणात पाहिला होता. तेव्हा त्या अंगणात घोडी एकटी नव्हती.

१९८४ साल असेल. अब्बा आणि चाचा मिळून दोन टांगे चालवायचे. एका टांग्याला बदामी रंगाची घोडी होती, नूरी. अंगानं बेताची, पण पायाला चिवट. अब्बा तिला अभिमानानं भीमथडी म्हणायचे. भीमा खोऱ्यातल्या, मराठ्यांच्या फौजेत गाजलेल्या घोड्यांची ती जात. आता तिला देशपातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंदही मिळाली आहे. नूरीचं एक शिंगरू मिळालं, तर पुढं नवीन जनावर विकत घ्यायला नको, असा अब्बांचा विचार होता.

डिसेंबरात टांग्याला गिऱ्हाईक कमी होतं, म्हणून अब्बांनी तो महिना निवडला. जवळच्या एका गावात एकाकडे नर घोडा होता. त्यानं पैसे आधी घेतले. नूरीला अगाडी-पिछाडी बांधली, वरच्या ओठाला दोरी पिळली आणि घोडा सोडला. मी भिंतीवर बसून पाहत होतो. नूरीनं कान मागं पाडले होते, ती किंचाळत होती आणि बांधलेल्या पायांनीही लाथा झाडत होती. घोड्याला एक लाथ बसलीच. जानेवारीत पुन्हा तोच प्रकार झाला. पैसे दोन्ही वेळा गेले. घोड्याच्या मालकानं निकाल दिला, "बांझ है, बेच डालो." अब्बांनी मान हलवली.

तेव्हा घरात हा शब्द आणखी एका माणसासाठी वापरला जात होता. चाचा-चाचींच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि त्यांना मूल नव्हतं. दादी चाचीच्या समोर हा शब्द उच्चारत नसे, पण पलीकडच्या खोलीत बोलत असे आणि आमच्या घराच्या भिंती काही जाड नव्हत्या. दुसऱ्या निकाहची कुजबुजही सुरू झाली होती.

नूरीचा दाणावैरण चाचीच पाहायची. पहाटे चंदी, दुपारी गवत, संध्याकाळी तोबरा. तिच्याइतका वेळ त्या घोडीजवळ कुणीच घालवत नव्हतं. उन्हाळा लागल्यावर एके दिवशी तिनं मला बोलावलं आणि तबेल्याच्या भिंतीवर कोळशानं ओढलेल्या रेघा दाखवल्या. म्हणाली, "अब्बांना सांग, नूरी दर तीन आठवड्यांनी बदलते. पाच-सहा दिवस तशी असते, मग पुन्हा शहाणी होते. थंडीत असं काही नव्हतं. होळीनंतर सुरू झालं." अब्बा तिचे जेठ. त्यांच्यासमोर ती डोक्यावरचा पदर सावरून बाजूला व्हायची. असल्या विषयावर त्यांच्याशी बोलणं शक्यच नव्हतं, म्हणून दहा वर्षांचा मी निरोप्या झालो.

मी निरोप दिला आणि थोबाडीत खाल्ली. "बेशरम, कुठं शिकलास हे?" चाचीचं नाव मी घेतलं नाही.

आज मी जे वाचलंय आणि पशुवैद्यकांकडून ऐकलंय, त्यावरून सांगतो, चाचीच्या कोळशाच्या रेघांमध्ये घोडीच्या प्रजननाचा अर्धा धडा होता. घोडी वर्षभर सारखी माजावर येत नाही. दिवस मोठे होऊ लागले, की डोळ्यांवाटे मेंदूला उजेडाची खबर लागते आणि तिचं चक्र सुरू होतं. थंडीत, लहान दिवसांत, बऱ्याच घोड्यांचं चक्र बंद किंवा अनियमित असतं. आपण विषुववृत्तापासून फार लांब नाही, त्यामुळं आपल्याकडं हा फरक युरोपाइतका ठळक नसतो, पण असतो. शर्यतीच्या घोड्यांचं वय १ जानेवारीपासून मोजतात, त्यामुळं त्यांच्या मालकांना शिंगरू वर्षाच्या सुरुवातीलाच हवं असतं. मग थंडीतच घोडीच्या ठाणाला रात्री दिवे लावून, रोज सोळा तास उजेड देऊन दोनेक महिन्यांत तिचं चक्र लवकर सुरू करतात. आम्ही नूरीला डिसेंबरच्या अंधारात नेलं होतं, कारण टांग्याला गिऱ्हाईक नव्हतं. कॅलेंडर आमचं होतं, तिचं नव्हतं.

चक्र सुरू झालं, की एक फेरा साधारण एकवीस-बावीस दिवसांचा. त्यात पाच ते सात दिवस ती घोड्याला जवळ येऊ देते. त्या दिवसांत शेपटी उचलून बाजूला करते, मागचे पाय फाकवून थोडी बसल्यासारखी उभी राहते, पुन्हा पुन्हा थोडी थोडी लघवी करते आणि योनीच्या ओठांची उघडझाप होते. माज नसताना तीच घोडी कान पाडते, किंचाळते, लाथ मारते. म्हणजे नूरी डिसेंबरात आम्हाला स्पष्ट सांगत होती. आम्ही त्याला तिचा खोडसाळपणा समजलो आणि दोर आणखी आवळले.

जाणकार माणसं घोडीला थेट घोड्यापुढं उभी करत नाहीत. मध्ये भक्कम आडोसा ठेवून दोघांना एकमेकांचा वास घेऊ देतात आणि घोडी काय करते ते पाहतात. घोडा तिच्या लघवीचा वास घेऊन मान वर करतो, वरचा ओठ उलटवतो. लोकांना वाटतं हसतोय. खरं तर तो तो वास टाळूच्या वरच्या एका खास अवयवापर्यंत पोचवत असतो. घोडीनं होकार दिला, तर पुढं जायचं, नाहीतर एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहायचं. माज संपायच्या एक-दोन दिवस आधी तिचं बीज सुटतं आणि ते काही तासच टिकतं. घोड्याचं वीर्य मात्र तिच्या पोटात दोनेक दिवस जिवंत राहू शकतं. म्हणून माजाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दिवसाआड घोडा दाखवायचा आणि ती नकार देऊ लागली, की थांबायचं. एकदाच, आपल्या सोयीच्या दिवशी दाखवून ठरली नाही, तर त्यातून घोडीबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

आमच्या घरी पुढचा मार्ग निघाला तो नालबंदामुळं. नाल ठोकायला येणारे ते म्हातारे चाचा माझ्यावर जीव लावायचे. मी त्यांना थोबाडीत खाल्ल्याची हकीकत सांगितली. त्यांनी तबेल्यात जाऊन रेघा पाहिल्या, मोजल्या आणि अब्बांना म्हणाले, "ज्यानं या रेघा मारल्यात ना मियाँ, तो तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त घोडा समजतो." रेघा कुणाच्या ते अब्बांना तेव्हाच कळलं असावं. ते काही बोलले नाहीत. पण १९८५ च्या जूनमध्ये, रमजान ईद झाल्यावर चार-पाच दिवसांनी, रेघांच्या हिशेबानं ते नूरीला घेऊन गेले. या वेळी दुसऱ्याच्या घोड्याकडं. नूरी शांत उभी राहिली. पिछाडी आवळावी लागली नाही. ऑगस्टच्या शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात घालून तपासलं आणि गाभण असल्याचं सांगितलं. आता सोनोग्राफीनं हे पंधरा-सोळा दिवसांतच कळतं. त्या वेळी तपासून घेण्याचं आणखी एक कारण आहे. जुळं असेल तर ते तेव्हाच दिसतं. घोडीच्या पोटात जुळी सहसा तगत नाहीत, बहुतेक वेळा दोन्ही जातात आणि घोडीच्याही जिवावर बेततं.

या दुसऱ्या घोड्याच्या मालकानं पैसे घ्यायला नकार दिला होता. अब्बांनी फार आग्रह केला, तेव्हा म्हणाला, "घोड्याच्या या कामाचे पैसे घेत नाही. ठरली तर पोतंभर हरभरा आणून द्या, तो घोडाच खाईल." मला तेव्हा वाटलं, माणूस भोळा आहे. पुढं कॉलेजात असताना हदीसचं भाषांतर वाचताना त्याचं बोलणं आठवलं. सहीह बुखारीत अब्दुल्ला इब्ने उमर यांची रिवायत आहे, की पैगंबरांनी नर जनावराच्या फळवण्याचा मोबदला घ्यायला मनाई केली. तिर्मिजीत असंही आहे, की खुशीनं दिलेल्या भेटीला मात्र परवानगी दिली. आणि सहीह मुस्लिममध्ये जनावरं बाळगणाऱ्यावर जे हक्क सांगितले आहेत, त्यांत आपला नर गरजूला वापरायला देणं हाही एक हक्क आहे. तो माणूस भोळा नव्हता.

उलेमांनी या मनाईची जी कारणं दिली, त्यांत एक मला फार महत्त्वाचं वाटतं. मालक जे विकतो, ते देणं त्याच्या हातातच नसतं. घोडा उडी मारेल की नाही, घोडी ठरेल की नाही, हे कुणी सांगावं? ज्याची खात्री नाही त्याचा पक्का सौदा म्हणजे धोक्याचा सौदा. याच कारणानं पोटातल्या, अजून न जन्मलेल्या पिल्लाच्या पिल्लाचा सौदाही हदीसमध्ये नाकारला आहे. सगळ्या फकीहांचं एकमत नाही, हेही सांगायला हवं. इमाम मालिक यांच्या मजहबात ठरावीक वेळा किंवा ठरावीक मुदतीसाठी नर भाड्यानं देता येतो. हनफी, शाफई आणि हंबली मत मोबदल्याच्या विरोधात आहे.

आजच्या जगात हा व्यवहार केवढा मोठा आहे पाहा. दुबईच्या शासकांच्या इंग्लंडमधल्या पागेतल्या दुबावी या घोड्याची एका घोडीमागची फी साडेतीन लाख पौंडांपर्यंत गेली. शर्यतीच्या घोड्यांत कृत्रिम रेतन चालत नाही, घोडी प्रत्यक्ष न्यावीच लागते. तरी या महागड्या बाजारातही बऱ्याच करारांत अट असते, की शिंगरू जिवंत जन्मून उभं राहिलं नाही तर फी नाही. म्हणजे अनिश्चिततेचा भार एकट्या घोडीवाल्यावर टाकायचा नाही, हे बाजारालाही पटलेलं आहे. आमच्या अंगणात मात्र उलटा कायदा होता. नराचा मोबदला पक्का आणि मादीचा दोषही पक्का.

नराचा दोष असू शकतो, हे तर आम्हाला सुचतही नव्हतं. घोड्याचं वीर्य तयार व्हायला जवळजवळ दोन महिने लागतात. त्याला आज मोठा ताप आला, तर त्याचा परिणाम पुढचे दोन महिने राहू शकतो, घोडा बाहेरून कितीही चकचकीत दिसो. फार कोवळा घोडा, फार वापरलेला घोडा, अंग भरावं म्हणून हार्मोनची इंजेक्शनं दिलेला घोडा, यांच्याकडून घोड्या ठरत नाहीत. बाजारात भोवरे पाहतात, पंचकल्याणी आहे का पाहतात, रंग आणि उंची पाहतात. या कशावरूनही तो बाप होऊ शकेल का ते कळत नाही. त्यासाठी वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. घोडीचीही कारणं असतात. गर्भाशयात संसर्ग, वाढलेलं वय, खंगलेलं शरीर. तीही तपासली तरच कळतात आणि त्यांतली बरीच बरी होतात. "बांझ" हे निदान नाही. तपासणी न करण्याचं ते निमित्त आहे.

नूरीचे दिवस भरत आले, ते नेमके पुढच्या रमजानमध्ये. घोडी साधारण अकरा महिन्यांनी, ३४० दिवसांच्या आसपास विते. काही घोड्या वीस दिवस आधी, काही वीस दिवस उशिरा. शेवटच्या तीन महिन्यांत पोटातलं शिंगरू सगळ्यात जास्त वाढतं. चाचीनं तेव्हा चंदी वाढवली होती, तेही कुणी न सांगता. कास भरली. मग एका संध्याकाळी सडांच्या टोकांना मेणासारखे थेंब दिसले. चाची मला म्हणाली, "आज-उद्यात." घोड्या बहुतेक रात्रीच वितात, आजूबाजूला शांत झाल्यावर. रमजान असल्यामुळं घर सेहरीपर्यंत तसंही अर्धं जागं होतं. एकविसावी रात्र होती. दादी आत नमाजात होती आणि चाची तबेल्याच्या दारात कंदील झाकून बसली होती.

पाणमोट फुटली आणि वीस मिनिटांत शिंगरू बाहेर आलं. आधी एक पाय, त्याच्या थोडा मागं दुसरा, त्यावर नाक. तासाभरात ते लटपटत उभं राहिलं. चाचाचा एक दोस्त म्हणाला, "पहिला चीक काढून टाका, जड असतो." शेजारच्या टांगेवाल्यानं तसंच केलं होतं आणि त्याचं शिंगरू तिसऱ्या दिवशी गेलं होतं. चाचीनं डोक्यावरचा पदर सावरला आणि सगळ्या पुरुषांसमोर, जेठासमोर, पहिल्यांदा मोठ्यानं बोलली, "चीक कुणी काढायचा नाही. त्याला पिऊ द्या."

कुणी काढला नाही. शिंगरू दोन तासांच्या आत प्यायलं. झारही वेळेत पडली. नंतर कळलं, डॉक्टर मंडळी हाच हिशेब शिकवतात. एका तासात उभं राहावं, दोन तासांत प्यावं, तीन तासांत झार पडावी. यातलं काही चुकलं तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवायचं. शिंगरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढण्याची शक्ती जवळजवळ नसते, ती चिकातूनच मिळते. आणि ती शोषून घेण्याची त्याच्या आतड्याची क्षमता पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त असते, दिवसभरात संपते.

इथंच थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण तसं झालं नाही. तीन वर्षांनी नूरी पुन्हा व्यायली, तेव्हा चाची माहेरी होती. चाचांनी मोठा उत्साह दाखवला होता, पण त्या रात्री कुणीच जागलं नाही. सकाळी शिंगरू मेलेलं सापडलं. आधी लाल मखमलीसारखी पिशवी बाहेर आली होती आणि ती फुटली नव्हती. अशा वेळी पांढरट पडद्याऐवजी लाल पिशवी दिसली, तर ताबडतोब फाडून शिंगरू काढावं लागतं, कारण आत त्याचा श्वास कोंडत असतो. मिनिटांचा खेळ असतो तो. घरात सगळे म्हणाले, नजर लागली. झोपलेल्या पुरुषांपैकी कुणाचा दोष कुणी काढला नाही.

चाचा-चाचींना मूल झालं नाही. चाचीला दवाखाने, दर्गे, तावीज, सगळं झालं. चाचांची तपासणी शेवटपर्यंत झाली नाही. डॉक्टरांनी एकदा सुचवलं, तेव्हा चाचा महिनाभर त्या रस्त्यानं गेले नाहीत. दुसऱ्या निकाहची कुजबुज दादीबरोबरच संपली. मी मोठा झाल्यावर एकदा चाचीला विचारलं, तुला राग नाही येत? ती म्हणाली, "नूरीच्या वेळी तू थोबाडीत खाल्लीस. माझ्या वेळी निरोप कोण नेणार होतं?"

आपल्याकडं या विषयाला शरम चिकटली आहे. पण दीनमध्ये शरमेचा अर्थ न विचारणं असा नाही. मदीनेच्या अन्सारी स्त्रिया पाळी आणि गुस्लबद्दल थेट पैगंबरांना विचारायच्या आणि हजरत आयशांनी त्यांचं याबद्दल कौतुक केल्याचं हदीसमध्येच आहे. औलाद अल्लाहच्या हातात आहे, हे आपण मानतो. मग ती झाली नाही, की दोष बाईच्या हातात कसा येतो?

भावाला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. सांगितलं, घोडी विकू नकोस. आधी पशुवैद्यकाकडून तिचं गर्भाशय तपास आणि ज्या घोड्याकडं नेलीस त्याचंही वीर्य तपासायला सांग. मालक नाही म्हणाला, तर दुसरा घोडा बघ. पांढरी कोणत्या दिवशी काय करते ते रोज लिहून ठेव.

तो म्हणाला, "लिहायला एवढा वेळ कुणाला आहे भाई?"

मी विचारलं, "तिला दाणावैरण कोण घालतं?"

थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "बायको."

"मग आधी तिला विचार," मी म्हणालो.